काम परदेशी गेलं म्हणून नोकरी गेली, तर सरकारने वेगळी मदत द्यावी का?

वाटसरू

आयातीमुळे किंवा काम परदेशात हलवल्यामुळे ज्यांची नोकरी जाते, त्यांच्यासाठी अमेरिकेत ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, म्हणजे टीएए, ही योजना होती. होती असं म्हणतोय, कारण तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, मुदत वाढवली नाही आणि १ जुलै २०२२ पासून कामगार खात्याने नवे अर्ज मंजूर करणं थांबवलं. आधी पात्र ठरलेल्यांची मदत चालू राहिली, त्यानंतर नोकरी गमावलेल्यांना मात्र काही नाही.

ही योजना पुन्हा सुरू व्हावी आणि वेगळीच राहावी, असं माझं ठाम मत आहे. ती आली १९६२ साली, केनेडींच्या काळात, आणि आली तीच मुळी आयात शुल्क कमी करण्याचे अधिकार देणाऱ्या कायद्यातून. व्यापार खुला झाला की बहुतेकांना वस्तू थोड्या स्वस्त मिळतात, पण मोजक्या लोकांची अख्खी रोजीरोटी जाते. हा निर्णय सरकार जाणूनबुजून घेतं. मग ज्यांच्या जिवावर बाकीच्यांना स्वस्ताई मिळाली, त्यांचा भार सरकारनेच उचलायला हवा. अर्ज करायला तीन कामगारही पुरत. मंजुरी मिळाली की प्रशिक्षणाचा खर्च आणि शिकत असताना बेकारी भत्ता धरून १३० आठवड्यांपर्यंत पैसे मिळू शकत. साधा बेकारी भत्ता बहुतेक राज्यांत फार तर २६ आठवडे मिळतो. पन्नाशीच्या माणसाने सहा महिन्यांत नवा धंदा शिकून पोट भरायचं, ही अपेक्षाच अमानुष आहे.

मेघमल्हार

भावना पोचली, पण मला हे पटत नाही. एका कामगाराचं काम परदेशी गेलं, दुसऱ्याचं यंत्राने घेतलं, तिसऱ्याची कंपनी मंदीत बुडाली. तिघांच्या घरचे हप्ते सारखेच थकलेत. पहिल्याला १३० आठवडे आणि बाकीच्यांना २६, हा कुठला न्याय? मदत नुकसान बघून द्यावी, कारण बघून नव्हे.

शिवाय कारण सिद्ध करण्यातच माणूस थकतो. २००० नंतरच्या काही वर्षांत ज्या प्रोग्रामरांचं काम परदेशी गेलं, त्यांचे अर्ज फेटाळले गेले, कारण सॉफ्टवेअर ही कायद्याच्या भाषेत ‘वस्तू’ नाही म्हणे! ते कोर्टात गेले. खात्याने धोरण बदललं ते २००६ साली. ज्याचा पगार थांबलाय त्याने इतका काळ काय खायचं?

कैरी

आणि सेवाक्षेत्राला कायद्याने सरसकट जागा मिळाली ती २००९ मध्ये. पुढे ती कधी काढली, कधी परत दिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा काढली, योजना बंद पडण्याच्या वर्षभर आधी.

वाटसरू

मेघमल्हार, तुम्ही सांगितलेला अन्याय खराच आहे. पण त्यावरून नियम सैल करा असं म्हणता येतं, योजना बंद करा असं नाही. यंत्र आणायचा निर्णय कंपनीचा असतो. व्यापार करारावर सही सरकार करतं. जबाबदारीत फरक आहेच.

मेघमल्हार

सही कोणाची, याने घरभाडं भरता येत नाही. बरं, उपयोग तरी किती झाला? खात्यानेच करवून घेतलेल्या २०१२ च्या मूल्यमापनात चार वर्षांनंतरही टीएएवाल्यांची कमाई तुलनेसाठी घेतलेल्या बेकारांपेक्षा कमीच निघाली. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये चिनी आयातीची झळ बसलेले भाग तपासले. तिथे सरकारी खर्च वाढला खरा, पण अपंगत्व भत्ता आणि वैद्यकीय मदतीसारख्या गोष्टींवर. टीएएचा वाटा अगदी किरकोळ. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना, तेच तिच्यापर्यंत पोचत नव्हते.

वाटसरू

त्या मूल्यमापनात तुलना कोणाची कोणाशी, हे बघायला हवं. टीएएकडे येणारा माणूस बहुधा वर्षानुवर्षं एकाच कारखान्यात काढलेला, त्याचं कौशल्यच बाजारातून उठलेलं. अर्थतज्ज्ञ बेंजामिन हायमन यांनी वेगळी वाट धरली. अर्ज कोणत्या तपासनिसाकडे जातो हा बराचसा योगायोग, आणि काही तपासनीस हात सैल ठेवणारे. त्या फरकावरून त्यांनी हिशेब मांडला, तर मंजुरी मिळालेल्यांची दहा वर्षांतली एकूण कमाई सुमारे ५०,००० डॉलरने जास्त भरली. आणि पोचत नव्हते म्हणता, तर पोचवा ना!

कैरी

तुम्ही दोघं प्रशिक्षणावरच अडलात. मला यातला वेतन विमा सगळ्यांत मोलाचा वाटतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग सरकार दोन वर्षं देत असे, कमाल १०,००० डॉलर. नवा पगार वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत असावा लागे. पन्नाशीच्या जरा अलीकडचे आणि जरा पलीकडचे यांची तुलना करणारा अभ्यास हायमन, कोवाक आणि लाइव्ह यांनी केला. विमा असलेले लवकर कामाला लागले, एकूण कमाईही वाढली. पंचावन्नाव्या वर्षी वर्गात बसणं प्रत्येकाला झेपत नाही, पण काम करायची तयारी असते. त्या माणसाचा मान यात राहतो.

मेघमल्हार

हे मला मान्य. मग पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला द्या की, नोकरी कशानेही गेलेली असो! कारणाच्या बाबतीत युरोपीय संघाने तेच केलं. त्यांचा निधी २००७ मध्ये जागतिकीकरणाची झळ बसलेल्यांसाठी सुरू झाला, आणि २०२१ च्या नियमांपासून कारणाची अट गेली. यंत्रामुळे गेलेली नोकरीही चालते.

वाटसरू

पण तिथे साधारणपणे २०० जणांची नोकरी गेलेली असावी लागते, आणि अर्ज सदस्य देशाचं सरकार करतं. अमेरिकेत तिघं जण स्वतः करू शकत होते. लहान गावातल्या लहान कारखान्याला तोच आधार होता. सगळ्यांसाठी योजना आणा, मी पाठिंबा देईन. पण आधी आणा आणि मग ही बंद करा. २०२२ मध्ये नवीन काही न आणता हातातलं काढून घेतलं. माझा राग त्यावर आहे.

मेघमल्हार

त्या क्रमाबद्दल माझं दुमत नाही. पण जुनी योजना जशीच्या तशी परत आली, तर यंत्राने काम घेतलेला तो दुसरा माणूस आणखी वीस वर्षं बाहेरच उभा राहील. म्हणून मी तिच्या बाजूने मत देणार नाही.