श्रीवर्धनच्या घराची पश्चिमेची भिंत: बाहेरून बोर्ड लावावेत का?

सूनबाई_इंदिरानगर

नमस्कार. मी नाशिकची, पण प्रश्न कोकणातल्या घराचा आहे. सासर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्र घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर. सासूबाई तिथे एकट्या राहतात आणि नाशिकला यायचं नाव काढत नाहीत. म्हणतात, "तुमच्याकडे पाऊस पडत नाही, शिंपडतो."

घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, कौलं गेली आणि निम्मे वासेही. पुढे धो धो पाऊस होता, पत्रे मिळता मिळत नव्हते. जे मिळाले ते टाकून घर झाकलं. पुढच्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल दिसायला लागली, म्हणून दिवाळीनंतर बाहेरून सिमेंटचा गिलावा केला आणि वर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्याला रंगावर पुरीसारखे फुगे. फोडले की आतून पाणी! आतल्या बाजूला लोणा लागलाय, कपाटामागे पांढरी पावडर पडते, आणि सासूबाईंच्या लुगड्यांना जो वास येतो तो कितीही उन्हं दाखवली तरी जात नाही.

आमच्या नाशिकच्या घरात टीव्हीमागची भिंत ज्यांनी केली ते म्हणतात, डब्ल्यूपीसीचे, म्हणजे लाकूड-प्लास्टिकचे पॅनल चिकटवून टाकू, आयुष्यभर बघायला नको. (श्रीवर्धन त्यांना नकाशावर दाखवावं लागलं.) पुतण्या म्हणतो रंगीत पत्रा ठोक. मी व्हिडिओत परदेशातली घरं पाहिली, एकावर एक चढवलेल्या आडव्या फळ्यांची. ते मला पटतंय, पण आपल्याकडे टिकेल का आणि कशाचं करायचं?

भिंत ३४ फूट लांब, जोत्यावर १० फूट उंच, चार बाय तीनच्या दोन खिडक्या. सामान नाशिकहून टेम्पोने न्यायची तयारी आहे.

बंटी_टाइल्सवाले

ताई, एलिव्हेशन टाइल लावा. पाऊस आला की आपोआप धुतली जाते. विषय संपला.

माडाखालचा

बंटीशेठ, त्या गिलाव्याचेच फुगे येतायत आणि तुम्ही त्यावर टाइल चिकटवताय. पहिल्या वाऱ्यात एखादी सुटून म्हातारीच्या डोक्यात पडेल.

ताई, मी मूळचा दापोलीकडचा, तीस वर्षं नाशिकच्या सिडकोत. तुम्ही व्हिडिओत बघितलं ते आमच्याकडे दरसाल व्हायचं. मृगाच्या आधी माडाच्या झावळ्या विणून झापं करायची आणि पश्चिमेच्या अंगाला बांबूच्या ताटीवर बांधायची. भिंत आणि झाप यांच्यात हात जाईल एवढी जागा राहायची. झड झापावर बसायची, भिंत आत कोरडी. दसऱ्याला झापं सोडून चुलीत, आणि भिंतीला पुढचे आठ महिने ऊन-वारा. ती जुनी घरं त्यावर टिकली, रंगावर नाही.

मला एक सांगा, वादळाआधी त्या भिंतीला ओल होती का? आणि जुन्या कौलांची वळचण किती बाहेर होती, आताचा पत्रा किती बाहेर आहे?

सूनबाई_इंदिरानगर

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता सासूबाईंना फोन केला. पत्रा भिंतीच्या बाहेर किती येतो विचारलं तर स्टुलावर चढून वीत लावून आल्या (मी ओरडले). म्हणाल्या, "एक वीत आणि वर दोन बोटं." म्हणजे साधारण दहा इंच. पूर्वी? "पूर्वी त्या बाजूला माझी लाकडं असायची वर्षाची. कधी भिजली नाहीत." म्हणजे अडीच-तीन फूट तरी असणार.

सातपूर_फॅब्रिकेशन

मग तुमचं अर्धं उत्तर सासूबाईंनी दिलं. छपराचा काठ दोन फूट आत गेला, तेव्हापासून भिंत उघडी पडली.

मी सातपूरला शेड आणि क्लॅडिंगची कामं करतो. इगतपुरी-घोटीला बरीच केली, किनाऱ्यावर अलिबागला दोन. इगतपुरीला पाऊस कोकणासारखाच, पण हवेत मीठ नाही. फरक तिथेच आहे. इगतपुरीत मी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावलेत, आजही चकचकीत. तेच स्क्रू अलिबागला दोन वर्षांत चहा सांडल्यासारखे तपकिरी झाले आणि डोक्यांखालून डाग भिंतभर ओघळले. किनाऱ्यावर ३१६ च हवं, त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, मिठाला तोच पुरतो. दुकानदार चुंबक लावून दाखवेल आणि म्हणेल बघा, चिकटत नाही, ओरिजिनल. चुंबकाने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए-२ असेल तर ३०४, ए-४ असेल तर ३१६. डोक्यावर काही नसेल तर मॉलिब्डेनमची टेस्ट करणारं थेंबाचं औषध मिळतं, माझ्याकडे बाटली आहे, स्क्रू घेऊन या.

आता पॅनलचं. चिकटवायचं काहीही नको, मग ते डब्ल्यूपीसी असो की सोन्याचं. आता पावसाळ्यात अंगाला चिकटणारा रेनकोट घालून आडगावपर्यंत गाडी चालवा, आतून घामाने भिजाल. तुमची भिंत तेच करतेय. चिरा सच्छिद्र, पाणी कुठूनतरी आत जाणारच, बाहेरचा रंग त्याला बाहेर पडू देत नाही. शिवाय डब्ल्यूपीसी म्हणजे भुसा आणि प्लास्टिक. टीव्हीमागे शोभतं, तिथे ऊन लागत नाही.

रंगीत पत्रा वाईट नाही, पण जिथे कापाल तिथे कोटिंग उघडं पडतं आणि गंज तिथूनच धरतो. खिडक्यांभोवती कापावंच लागतं. आणि पावसात आत बसून ऐका एकदा.

मी फायबर सिमेंट बोर्ड घेईन. पण बाजारात जो सगळ्यात आधी पुढे करतात तो सीलिंगचा असतो. या बोर्डांचं भारतीय मानक आहे, आयएस १४८६२, त्यात दोन प्रकार आहेत, टाइप ए उघड्यावर, टाइप बी घराच्या आत. बोर्डावर छापलेलं वाचून घ्या, आणि ॲस्बेस्टॉसमुक्त आहे ना तेही. ८ मिलिमीटरचा आठ बाय चार बोर्ड घेतला की उभ्या आठ इंचांच्या सहा पट्ट्या निघतात. खालून सुरुवात करून वरची पट्टी खालच्यावर सव्वा इंच चढवत जायचं, कौलांसारखंच. तुमच्या मापाला खिडक्या वजा करून बारा बोर्ड लागतील, वाया जाणारं धरून चौदा घ्या. एकेक बोर्ड तीसेक किलोचा आहे, टेम्पोत आडवा आणि पूर्ण टेकवून ठेवा, उभा ठेवला की वाकतो.

सूनबाई_इंदिरानगर

पट्ट्या भिंतीवर सरळ ठोकायच्या की मागे काही?

सातपूर_फॅब्रिकेशन

मागे रिपा, आणि उभ्याच. आडव्या मारल्यात तर पाणी रिपेवर साचेल आणि हवा वर चढणार नाही. दोन बाय एकची रीप, सोळा इंचांवर एक, म्हणजे आठ फुटी पट्टीचा जोड बरोबर रिपेवर येतो. जोडात तीन मिलिमीटर फट ठेवा, आणि एकावर एक जोड येऊ देऊ नका. तुम्हाला २७ रिपा लागतील, खिडक्यांच्या कडेच्या वेगळ्या.

रिपेमुळे भिंत आणि बोर्डात इंचभर पोकळी राहते. कामाचं सगळं त्या पोकळीत आहे. ती खाली आणि वर दोन्हीकडे उघडी पाहिजे. आत शिरलेलं पाणी खालून गळतं, दमट हवा वळचणीखालून निघून जाते. खालच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी, नाहीतर गांधीलमाश्या आणि उंदीर भाडं न देता राहतील. अलिबागच्या पहिल्या कामात गवंड्याने खालची फट "चांगली दिसत नाही" म्हणून माल भरून बंद केली. मी दोन महिन्यांनी गेलो तर आत पाणी साचून खालची पट्टी काळी. चूक माझी, मी उभा नव्हतो.

म्हणून हे काम गवंड्याला देऊ नका. गावचा सुतार बघा. ज्याने कौलांच्या रिपा मारल्यात त्याला एकदा दाखवलं की कळतं, आणि ओळंबा त्याच्या हातात असतो.

चिऱ्यात भोक करताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नुसतं फिरवायचं. चिरा ठिसूळ, हॅमरने भोक भोकसं राहत नाही आणि प्लग फिरत बसतो. लांब नायलॉन प्लग, चिऱ्याच्या मधोमध, सांध्यात नाही. पट्ट्या कापताना पाणी मारा आणि तोंडाला चांगला मास्क, ती धूळ छातीत बसते. विहिरीपासून लांब कापा. कापलेल्या कडांना आणि पाठीलाही लावण्याआधी प्रायमर. लोक पुढची बाजू दोनदा रंगवतात आणि पाठ कोरी सोडतात.

माडाखालचा

रिपा लाकडी लावणार असाल तर जुन्या वाशांतलं सागवान किंवा ऐन मिळतंय का बघा, वादळानंतर गावात बऱ्याच घरी पडून आहे. त्याला काजूच्या टरफलांचं तेल. होड्यांना लावतात तेच. वाळवी जवळ येत नाही. पण हातमोजे घालून, कातडी भाजते. माझ्या धाकट्या काकाने उघड्या हाताने लावलं होतं, दोन आठवडे त्याला जेवण भरवत होतो.

पंचवटीतला_वाडा

थोडं वेगळं सांगतो. आमचा वाडा खाली काळ्या दगडाचा, वर विटांचा. पावसाचं म्हणाल तर नाशिक शहराचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तुमच्या सासरच्या पावसापुढे काहीच नाही. तरी आम्हीही २०१२ मध्ये गोदेकडच्या भिंतीला सिमेंट आणि ऑइलपेंट मारून हाच उद्योग केला. ओल खालून वर सरकली, पहिल्या मजल्यावर गेली. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. एक उन्हाळा भिंत नुसती उघडी ठेवली होती, पाहुणे विचारायचे घर पाडताय का.

तेव्हा बोर्डाआधी तो रंग खरवडा, सुटलेला गिलावा उतरवा. आणि आतल्या बाजूला डिस्टेंपर किंवा ऑइलपेंट असेल तर तोही. आत चुना. नाहीतर ओली भिंत बोर्डामागे झाकून ठेवाल आणि सासूबाईंच्या कपाटाला काही फरक पडणार नाही.

सूनबाई_इंदिरानगर

म्हणजे यंदा नाहीच होणार का? मी मे महिन्यात सुट्टी काढली होती.

सातपूर_फॅब्रिकेशन

मे महिन्यात नको. सुतार घाईत, तुम्ही घाईत आणि भिंतीत मागच्या पावसाचं पाणी. मे मध्ये रंग खरवडून घ्या आणि यंदाच्या पावसाळ्यापुरती काकांची झापं बांधा, झापं नाही मिळाली तर ताडपत्री, पण बांबूवर, भिंतीपासून वीतभर लांब. पावसाळ्यानंतर भिंत उघडी टाका. जानेवारीत तळहात लावून बघा, मग फेब्रुवारीत बोर्ड.

आणि वळचण. पत्रा तसाच पुढे वाढवू नका. अडीच फूट बाहेर आलेला काठ वाऱ्याने खालून उचलला की मागचं अख्खं छप्पर घेऊन जातो, २०२० ला तुम्ही बघितलंय. त्यापेक्षा पत्र्याच्या खाली, भिंतीला धरून, वेगळ्या ब्रॅकेटवर तीन फुटांचं छज्जासारखं स्वतंत्र पाखं करा. वादळात गेलंच तर ते एकटं जाईल. तेवढ्याने वरचा भाग आणि खिडक्या सुटतील. कोकणातली आडवी झड मात्र त्याखालूनही भिंतीच्या खालच्या अंगाला झोडपणार, म्हणून बोर्डही हवेतच. दोन्ही करा. पैसे कमी असतील तर आधी पाखं.

खिडक्यांच्या वर अॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी घालायला विसरू नका, बोर्डामागून उतरलेलं पाणी तिथे बाहेर काढायचं असतं. माप पाठवा, मी वाकवून देतो.

सूनबाई_इंदिरानगर

सगळ्यांचे आभार. डब्ल्यूपीसीवाल्यांना नाही म्हणून कळवलं. झापं विणणाऱ्या बाई गावात अजून आहेत, सासूबाईंनी परस्पर सांगूनही टाकलं, वीस झापं.

फेब्रुवारीचं त्यांना मान्य आहे. एकच अट: "भिंतीला काय लावायचं ते लावा, माझ्या जास्वंदीला हात लावायचा नाही." जास्वंद त्याच भिंतीला लागून आहे, साडेसात फूट उंच आणि भिंतीला अगदी टेकून.

सातपूर_फॅब्रिकेशन

टेकून चालणार नाही. फांदी बोर्डावर घासत राहते, रंग जातो, मुळाशी कायम ओल आणि खालची जाळी पानांनी बुजते. दोन फूट तरी लांब पाहिजे.

माडाखालचा

जास्वंद फांदी खोचली तरी लागते. पावसाच्या सुरुवातीला चार फांद्या दोन-अडीच फुटांवर लावून ठेवा, फेब्रुवारीपर्यंत धरतील. जुनी तेव्हा काढायची.

पण हे सासूबाईंना तुम्हीच सांगा. मी फक्त बांधकामाचं बोललो.