मदत हवी आहे: जुन्या पायथन प्रकल्पात लिंटिंग (कोडमधल्या चुका आपोआप तपासणं) सक्तीचं कसं करावं?

नमस्कार मंडळी,

एका ओपन सोर्स पायथन प्रकल्पाची मी मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारी, आहे. कोड बारा वर्षांचा, लाखो ओळींचा, ज्याने त्याने आपापल्या सवयीने लिहिलेला. रिव्ह्यूचा निम्मा वेळ 'इथे स्पेस द्या', 'हा इम्पोर्ट वापरलेलाच नाही' हे सांगण्यात जातो आणि मुद्द्याचं बोलायचं राहून जातं. हे काम मशीननेच करावं, यावर आमचं एकमत आहे.

आधी प्री-कमिट हुक, म्हणजे बदल कमिट करण्याआधी आपोआप चालणाऱ्या तपासण्या, दिले. पण ते ज्याच्या त्याच्या मशीनवर चालतात. बरेचजण बसवत नाहीत, आणि बसवले तरी तपासणी टाळणारा 'नो-व्हेरिफाय' पर्याय लावला की कमिट पुढे जातं. म्हणून रफ हे लिंटिंगचं साधन सीआयमध्ये (प्रत्येक बदल सर्व्हरवर आपोआप तपासणारी यंत्रणा) टाकलं. बदललेली प्रत्येक फाइल तपासायची, तपासणी हिरवी झाल्याशिवाय मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये समावेश, नाही.

तिथेच चुकलं. एका नवीन मुलाने तारखांच्या फाइलमधला २९ फेब्रुवारीचा बग दुरुस्त केला. एका ओळीचा बदल, सोबत टेस्टही. सीआयने त्याला १८७ चुका दाखवल्या. त्यातली एकही त्याची नव्हती, सगळ्या त्या फाइलमध्ये आधीपासून पडून होत्या. "या सगळ्या मीच दुरुस्त करायच्या का?" असं त्याने विचारलं. मी दोन दिवसांनी उत्तर द्यायला गेले तर त्याने पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) बंद केली होती. मला ते फार लागलं. सक्ती त्याच दिवशी काढली.

जँगो या पायथन वेब फ्रेमवर्कने २०२२ मध्ये सगळा कोड एकदम ब्लॅक या फॉरमॅटरने फॉरमॅट केला, हे माहीत आहे. आम्हीही तसं करावं का? गिट ब्लेमचं (कोणती ओळ कुणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी सोय) आणि उघड्या पुल रिक्वेस्टचं काय होईल? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, फॉरमॅटिंग (कोडची मांडणी) आणि लिंटिंग एकत्र करू नका. फॉरमॅटिंगचा एकच वेगळा कमिट करा, त्यात हाताने केलेला एकही बदल नको. त्याचा हॅश (कमिटचा ओळखक्रमांक) ब्लेमच्या दुर्लक्ष-यादीत टाका; ही सोय गिट २.२३ पासून आहे. स्क्वॅश करून (सगळे कमिट एकात दाबून) मर्ज केलंत तर हॅश बदलतो, त्यामुळे मुख्य शाखेवर आलेलाच हॅश घ्या.

उघड्या शाखांसाठी क्रम महत्त्वाचा. आधी फॉरमॅटच्या कमिटच्या लगेच आधीचा कमिट शाखेत मर्ज करायचा, मग त्याच आवृत्तीचा फॉरमॅटर शाखेवर चालवून कमिट करायचं, आणि शेवटी फक्त फॉरमॅटचा कमिट 'अवर्स' पद्धतीने (आपल्या शाखेचाच मजकूर कायम ठेवून) मर्ज करायचा. फॉरमॅटरची आवृत्ती पिन केलेली (एकच ठरवून दिलेली) नसेल तर इथे हमखास घोळ होतो.

लिंटिंगसाठी रफचं 'अ‍ॅड-नोक्यूए' चालवा. जुन्या प्रत्येक चुकीवर सूट देणारी टिप्पणी आपोआप बसते, त्यामुळे सीआय फक्त नव्या चुकांवर अडतं. सुरुवात 'एफ' गटाच्या नियमांनीच (न वापरलेले इम्पोर्ट, अज्ञात नावं वगैरे) करा, त्यात खरे बग सापडतात.

मूळ धागाकर्ती

खूप आभार! सूट देऊन सुरुवात करायची, हे सुचलंच नव्हतं. या शनिवारी एकाच मॉड्यूलवर करून बघते. त्या मुलाची पुल रिक्वेस्ट मी आज पुन्हा उघडली आणि त्याला लिहिलं की त्या १८७ चुका आमच्या आहेत, तू फक्त तुझी ओळ दे.

एक शंका राहिली: आमच्या इनिट फाइलमधले (पॅकेज इम्पोर्ट केल्यावर आधी चालणारी फाइल) इम्पोर्ट बाहेरच्यांना वापरता यावेत म्हणून मुद्दाम ठेवलेत, पण न वापरलेले इम्पोर्ट पकडणारा एफ४०१ हा नियम त्यांनाही न वापरलेले ठरवतो. तेवढ्या फाइलना नियमातून वगळता का, की प्रत्येक नाव 'ऑल'च्या यादीत (बाहेर द्यायच्या नावांची यादी) लिहिता?