स्कुबासाठी कमरेला नेमकं किती शिसं बांधायचं? मदत हवी आहे

मंडळी, माझं वजन ७४ किलो, उंची बेताची, आणि पोट आहे (लपवून काय उपयोग, पाण्यात तेच तर तरंगतं). अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कुबाचा पहिला) कोर्स केला तेव्हा ३ मिमी जाडीचा रबरी सूट, अ‍ॅल्युमिनियमची टाकी आणि ६ किलो वजन होतं. खाली मजेत होतो. पण शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, तर मी बुचासारखा वर! प्रशिक्षकांनी बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) धरून ठेवली म्हणून निभावलं.

नंतर कळलं की भरलेल्या टाकीतली हवाच दोन-अडीच किलोची असते. ती संपत आली की अ‍ॅल्युमिनियमची टाकी चक्क तरंगायला लागते. म्हणजे वजनाचा हिशोब रिकामी होत आलेल्या टाकीवर करायचा, बरोबर ना?

आता कर्नाटकात मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर जायचंय, या वेळी स्वतःचा नवाकोरा ५ मिमी सूट घेऊन. त्यासाठी किती वाढवू? एक मित्र म्हणतो २ किलो, दुसरा म्हणतो १ पुरे. आधी पुण्यात तलावात तपासून बघणार आहे, पण गोड्या पाण्यातला आकडा समुद्रात कमीच पडणार. तिथे अजून दोनेक किलो धरू का?

टाकीत ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना, बीसीडी रिकामी करून, नेहमीचा श्वास धरला की पाणी डोळ्यांपर्यंत यावं, ही चाचणी कुणी नियमित करता का? लाटांमध्ये ती नीट जमते का? आणि सगळं वजन पट्ट्यातच ठेवता, की थोडं टाकीच्या पट्टीवर?