मेंदूचा मलेरिया: नवं पूरक औषध शोधायचं, की आहे ते इंजेक्शन वेळेत पोचवायचं?

पळसपान (धागा सुरू करणारी):
गडचिरोलीच्या आतल्या भागात मी नऊ वर्षं नर्स होते. फॅल्सिपेरम या सर्वांत घातक मलेरियाचं बेशुद्ध पोर खाटेवर घालून आणतात, दातखीळ बसलेली असते. आर्टेसुनेट या मलेरियाच्या औषधाची ६० मिलिग्रॅमची पूड सोडा-बायकार्बच्या पाण्यात घालायची, पाणी निवळशंख दिसेपर्यंत हलवायची, सलाईनने पातळ करून शिरेत द्यायची. चार तासांचं जुन्या क्विनाइनचं ड्रिप सांभाळण्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत. आफ्रिकेतल्या ९ देशांत ५४२५ मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१०) क्विनाइनवरची १०.९ टक्के मुलं दगावली, आर्टेसुनेटवरची ८.५.

याउलट मेंदू वाचवायला म्हणून जोडीला जे जे दिलं, ते अंगाशी आलं. थायलंडमध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने कोमा लांबला (१९८२). केनियात किलिफीला फेनोबार्बिटलने झटके कमी झाले, पण मृत्यू ८ टक्क्यांवरून १८ वर गेले (२०००). मेंदूची सूज उतरवायला देतात त्या मॅनिटॉलनेही काही साधलं नाही. माझं स्पष्ट मत: या चाचण्या आता पुरेत. तो पैसा किट, इंजेक्शन आणि रस्त्यासाठी लावा.

तळ्याकाठी:
साफ असहमत. त्या ८.५ टक्के मुलांना तर उत्तम औषध मिळालं होतं, तेही चाचणी चालू असलेल्या दवाखान्यात. आर्टेसुनेट परजीवी मारतं. पण मेंदूच्या बारीक वाहिन्यांत चिकटून बसलेल्या तांबड्या पेशींनी तोवर जे नुकसान केलेलं असतं, ते भरून काढत नाही. मलावीत ब्लँटायरला १६८ मुलांचे एमआरआय काढले. २५ मुलं गेली, त्यांतल्या २१ जणांचा मेंदू भयंकर सुजलेला होता. हे कळलं २०१५ साली. १९८२ ची माणसं अंधारात चाचपडत होती. आता कुठे नेमकं दुखणं दिसायला लागलंय आणि तुम्ही थांबा म्हणता?

वैद्यकीचा विद्यार्थी:
मी पळसपान यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. ब्लँटायरलाच २००४ साली शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूचा मलेरिया म्हणून गेलेल्या ३१ मुलांपैकी ७ जणांच्या मृत्यूचं कारण भलतंच निघालं. रक्तात परजीवी सापडला म्हणजे कोमा त्याचाच, असं नसतं. मेंदूच्या मलेरियात डोळ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या खुणा पाहिल्याशिवाय मुलं चाचणीत घेतली, तर औषध चांगलं असूनही वाया गेल्यासारखं दिसेल. आधी निदान पक्कं करा. उंदरांवर गुण आला म्हणून धावणंही नको. त्यांच्या मेंदूत मुख्यतः पांढऱ्या पेशी अडकतात, माणसाचा आजार तसा नाही.

चंद्रभागा:
पळसपानताई, फेनोबार्बिटल घातक आहे हे कळलं कशावरून? चाचणी झाली म्हणूनच ना! ती झाली नसती तर झटके थांबलेले बघून आपण समाधानाने तेच देत राहिलो असतो. युगांडा, केनिया, टांझानियात शॉकमधल्या (रक्ताभिसरण मंदावलेल्या) तापाच्या मुलांना भराभर सलाईन द्यावं की नाही, हे तपासलं (२०११). निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता. सलाईन जोरात दिलेल्यांत ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के मृत्यू, तसं न दिलेल्यांत ७.३. सगळ्या जगाला वाटत होतं की सलाईन तारतं. 'हे देऊ नका' हे उत्तरही पोरं वाचवतं.

ओहोळ:
आणखी एक. आर्टेमिसिनिनला (आर्टेसुनेट त्याच गटातलं) पूर्वीइतकी दाद न देणारे परजीवी रवांडा आणि युगांडात सापडलेत. आज हाताशी असलेलं इंजेक्शन उद्याही तितकंच चालेल, हे धरून चालू नका.

पळसपान:
चंद्रभागा, तुमचं पटलं. सलाईनचा वेग वाढवणारी मीही होते, म्हणून रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. 'चाचण्या पुरेत' हे मागे घेते. पण किलिफीची बरीच मुलं श्वास थांबून गेली आणि तिथे व्हेंटिलेटर नव्हता. श्वास मंदावणारं औषध द्यायचं, तर श्वास धरून ठेवायची सोय आधी हवी. एवढी अट मी सोडणार नाही.

तळ्याकाठी, तुमच्यासाठी एक सांगते. पावसाळ्यात नदीपलीकडून चार वर्षांची एक मुलगी आणली होती. इंजेक्शन वेळेत मिळालं, तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, आम्ही सगळ्यांनी आनंदाने तिच्या आईला मिठ्या मारल्या. दिवाळीनंतर तिच्या घरी गेले. आई भात भरवत होती. मुलीचा डावा हात मांडीवर तसाच पडलेला, आणि बोलणं गेलेलं. त्या हातासाठी माझ्याकडे कुठलंच औषध नव्हतं.