नुसती वंशावळ नको, काळही जोडा

नुसती नावांची वंशावळ करून काय कळणार, असं कुणीतरी विचारलं होतं, त्यावर माझा अनुभव. आमचा पणजा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून, म्हणजे मास्तरांनी अंदाजे टाकलेली तारीख, ती सोडून द्या. आज्जी मात्र सांगायची की तो प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या होत्या तिथं जन्मला. मी लगेच पहिल्या साथीच्या काळातलं म्हणून १८९८ धरून मोकळा! पण आपल्याकडं प्लेग पुढंही कितीतरी वर्षं परत परत येत होता, तेव्हा एवढ्यावरून साल ठरत नाही हे नंतर डोक्यात आलं.

खरा धागा मिळाला तो डिसेंबर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाचा, गांधीजी अध्यक्ष होते ते. पणजा बैलगाडीनं बेळगावला गेलता आणि तेव्हा थोरली पोरगी रांगत होती, हे घरात सगळ्यांना पाठ. आता ती पोरगी १९२३-२४ ची आणि मग लग्न, पणज्याचं वय असं मागं मागं जाता येतं.

कागदांचं म्हणाल तर जुना फेरफार (जमिनीच्या हक्कातला बदल नोंदवलेला कागद) मोडी लिपीत, त्याच्यानंतरचा देवनागरी मराठीत, आणि १९५६ ला आमचा भाग म्हैसूर राज्यात गेल्यावर हळूहळू कन्नड. एकाच शेताचे तीन कागद शेजारी ठेवले की बघा, माणूस बांधावरनं हलला नाही पण मुंबई इलाखा, मुंबई राज्य, म्हैसूर सगळं फिरून आला. म्हैसूर राज्याचं कर्नाटक हे नाव १९७३ चं, तोवर पणजा गेलता. मोडी वाचणारा मात्र आधी गाठा, आमचे चार महिने त्यातच गेले.