'शमन' म्हणजे विझवणं की कमी करणं?

आडवाट: हवामान बदलावरच्या मराठी लेखांत इंग्रजी 'मिटिगेशन'साठी 'शमन' हा शब्द सर्रास येतो. मला तो घातक वाटतो. अग्निशमन दल आग अर्धवट ठेवून परत जात नाही. तहान शमली की पाणी नको होतं. मग उत्सर्जन थोडंफार घटवण्याला 'शमन' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार, प्रश्न मिटला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली 'मिटिगेशन'ची व्याख्याही आपत्तीची जोखीम, आघात, परिणाम 'कमी' करण्यापुरतीच आहे. सरकारी कागदांतलं 'सौम्यीकरण' त्यापेक्षा प्रामाणिक आहे.

शब्दवेडी: अजिबात पटलं नाही. आयुर्वेदात शोधन वेगळं, शमन वेगळं. शोधनात वमन, विरेचन अशा उपायांनी दोष शरीराबाहेर काढतात. शमनात ते बाहेर न काढता शांत करतात. म्हणजे काहीतरी मागे उरतं, हे या शब्दात पहिल्यापासून आहे. आणि 'सौम्यीकरण' बोलताना कोण वापरतं हो? पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढणाऱ्या माणसाला हा शब्द ऐकवून बघा.

आडवाट: तो अर्थ वैद्यांना ठाऊक. बातमी वाचणाऱ्याला बंबच आठवतो.

पाणलोट: खरा घोळ दुसरीकडेच आहे. नदीकाठी पूरभिंत बांधली, तर आपत्ती व्यवस्थापनात ते सौम्यीकरण. हवामानाच्या चर्चेत मात्र तीच भिंत 'अनुकूलन', म्हणजे बदलाशी जुळवून घेणं, ठरते, कारण तिथे शमन म्हणजे मुळावर घाव: कोळसा कमी जाळणं, जंगलं राखणं. १९९२ च्या हवामानविषयक करारातही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दोन्हीकडे एकच शब्द लावला, तर भिंत बांधून उत्सर्जनाची जबाबदारी संपली असं कुणीही म्हणू शकेल. म्हणून उत्सर्जनाला शमन, आपत्तीला सौम्यीकरण. दोन्ही शब्द हवेत.

शब्दवेडी: फरक मान्य, वाटणी अमान्य. आपत्ती सौम्य होतच नाही. भूकंप जेवढा व्हायचा तेवढाच होतो. भक्कम बांधकामाने माणसं वाचतात, घरं टिकतात. कोर्टातही आरोपीचं वय किंवा सुधारण्याची शक्यता पाहून शिक्षा सौम्य होते, गुन्हा नाही. म्हणून 'आपत्ती सौम्यीकरण' हा जोडशब्दच चुकीचा. सरळ 'हानी कमी करणे' लिहा.

आडवाट: लेखात चालेल. पण कायद्याच्या कलमात, निधीच्या नावात तीन शब्द कसे बसवणार? तिथे एकच नाम लागतं, आणि ते 'शमन' नसावं यावर मी ठाम आहे.

शब्दवेडी: 'हानिघट' म्हणा. तीन शब्द लागत नाहीत, आणि काय घटवायचं तेही त्यातच आलं.