टॉर्नेडो कॅश लिहिणाऱ्याला तुरुंग: योग्य की अयोग्य?

हिशेबनीस
टॉर्नेडो कॅश म्हणजे क्रिप्टो कुणाकडून कुणाकडे गेलं हे लपवणारा प्रोग्रॅम. त्याच्यावर अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध घातले, मार्च २०२५ मध्ये उठवले. मधल्या काळात, मे २०२४ मध्ये, त्याचा एक प्रोग्रॅमर अलेक्सी पर्त्सेव्ह याला डच कोर्टाने मनी लाँडरिंगसाठी ६४ महिन्यांची शिक्षा सुनावली. मला हे पटत नाही. इथर हे क्रिप्टो चलन ज्या इथेरियम नेटवर्कवर चालतं, तिथे तुमचा पत्ता, म्हणजे खाते क्रमांकच, कुणाला एकदा कळला की शिल्लक किती, कुणाला काय दिलं, सगळं उघडं. बँकेचं पासबुक आपण चावडीवर टांगतो का? टॉर्नेडोत ०.१, १, १० किंवा १०० इथर अशा ठरावीक रकमाच टाकता येतात. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि नंतर गुप्त नोट, म्हणजे पैसे टाकताना मिळालेला कोड, वापरून नव्या पत्त्यावर काढता येतात. इथेरियमचा जनक विटालिक ब्युटेरिनने युक्रेनला मदत याच वाटेने पाठवली, घेणाऱ्यांच्या मागे ससेमिरा लागू नये म्हणून.

नाना_ठाणेकर
चावडीवर नको, कबूल. पण कोर्टाने मागितलं तर बँक कागद देते. इथे मागायचं कुणाकडे? जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून (जिथे क्रिप्टोची खरेदी-विक्री होते) २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले. उत्तर कोरियाचे हॅकर, आणि लुटीचा बराच भाग टॉर्नेडोतूनच फिरवला. ज्यांची पुंजी अडकली त्यांना गुप्ततेचं कौतुक सांगून बघा. उलट बिटफिनेक्स या दुसऱ्या एक्स्चेंजमधली २०१६ची चोरी बघा. साखळी (ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची वही) उघडी होती म्हणून २०२२ मध्ये ९४,००० बिटकॉइन परत हाती लागले.

हिशेबनीस
अर्धंच सांगितलंत, नाना. माग साखळीवर लागला, खरंय. पण कॉइन हाती आले ते चोराच्या क्लाउड खात्यातली फाइल उघडल्यावर. कॉइन हलवायला लागणाऱ्या खासगी चाव्या, म्हणजे गुप्त कोड, त्यात होत्या! वॉरंट काढून केलेला साधा पोलिसी तपास.

सीए_मावशी
भांडा तुम्ही. आपल्याकडे एक्स्चेंजला पॅन दिलेलाच असतो, जुलै २०२२पासून १ टक्का टीडीएस कापला जातो, मार्च २०२३पासून एक्स्चेंज पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत. सरकारला दिसतं ते पुरे, शेजाऱ्याला कशाला दिसायला हवं? झीकॅश या व्यवहार गुप्त ठेवता येणाऱ्या क्रिप्टो चलनात 'व्ह्यूइंग की', म्हणजे बघण्यापुरती चावी, असते. ती ऑडिटरला दिली की त्याला व्यवहार दिसतात, पैसे मात्र हलवता येत नाहीत.

नाना_ठाणेकर
मावशी, चोर ती चावी द्यायला येणार आहे का?

सीए_मावशी
नाहीच येणार. म्हणून पैसा कुठून आला ते जो दाखवणार नाही, त्याचे कॉइन एक्स्चेंजने घेऊ नयेत. प्रोग्रॅमरला आत टाकून काय साधलं? कोड तर अजून चालूच आहे.